समोरच्याचं ऊन

नागपूरकरांना उन्हाचं काय सांगायचं, बॉस? २३ मे २०१३ला ४७.९ अंश झेललेलं हे गाव. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, खिडकीत वाळ्याचा कूलर. तयारी एकदम फुल्ल. पण ती वरून येणाऱ्या उन्हासाठी. समोरून येणाऱ्याचं काय?

समजा, दुपारनंतर सावली मिळावी म्हणून तुम्ही मुद्दाम पूर्वेच्या बाल्कनीचा फ्लॅट घेतला. वर्षभरात समोर चकाचक काचेचं कॉम्प्लेक्स उभं राहतं आणि मावळतीचं ऊन त्या काचांवर आपटून तुमच्याच बाल्कनीत येतं. झाली का सावली?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना हा ताप वेगळ्याच रूपात माहीत असेल. तिकडे बऱ्याच घरांना बाहेरून व्हिनाइलच्या पट्ट्या असतात. म्हणजे पीव्हीसीच, आपल्या पाइपांचा चुलतभाऊ. सत्तरेक अंशांना ते मऊ पडायला लागतं. शेजाऱ्याने वीज वाचवणाऱ्या दुहेरी काचा बसवल्या, की कधीकधी ह्या पट्ट्या पापडासारख्या वाकड्या होतात. फंडा असा: दोन काचांमध्ये हवा किंवा वायू बंद असतो. थंडीत तो आकसतो, काच आत ओढली जाते आणि बाहेरून तिचा अंतर्गोल आरसा बनतो. त्यात उष्णता परतवणारा लेप! सगळं ऊन एका पट्ट्यात गोळा होऊन शेजारच्या भिंतीवर. वॉरंटीत बरेचदा हे नुकसान धरतच नाहीत, आणि शेजाऱ्याची खिडकी तर कायदेशीर. भांडायचं कुणाशी?

मोठ्या लेव्हलवर हेच लंडनला झालं. फेनचर्च स्ट्रीटवरच्या ३७ मजली इमारतीची काचेची भिंत आत वळलेली, कढईसारखी. २०१३मध्ये तिच्या उन्हाने खाली उभ्या जॅग्वार गाडीचे भाग वितळले. पुढे इमारतीला बाहेरून सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आर्किटेक्ट राफाएल विन्योली. लास वेगासच्या त्यांच्याच व्दारा हॉटेलात २०१०मध्ये पूलवरच्या पाहुण्यांना असाच चटका बसला होता. धन्य!

आपल्याकडे भिंती विटा-सिमेंटच्या, त्या काही वितळत नाहीत. पण बाल्कनीतली तुळस, प्लास्टिकची खुर्ची, यूपीव्हीसीचं दार, कूलरची बॉडी? आणि एसीचं बिल? ‘एनर्जी सेव्हिंग’ काच उष्णता बाहेर फेकते म्हणून आपण तिचं कौतुक करतो. ते ‘बाहेर’ म्हणजे कुणाचं तरी घर असतं, हे ब्रोशरमध्ये नसतं.

उपाय साधे आहेत, पण ते काचवाल्याने करायचे: काचेच्या बाहेर जाळी, छज्जा, नाहीतर सरळ हिरवी नेट. आतून पडदा लावून उपयोग नाही. ऊन तोवर परत निघालेलं असतं. चकाकणारी फिल्म चिकटवली तर शेजाऱ्याचे आणखी हाल.

फ्लॅट बघायला जाल तर सकाळी अकराला जाऊ नका. मे महिन्यात दुपारी चारला जा आणि बाल्कनीत दहा मिनिटं उभे राहा. सेल्सवाला म्हणेलच, ‘‘भाऊ, एवढ्या उन्हात काऊन आले?’’