आश्रयार्थींची सागरपार रवानगी : काही गैरसमज

आश्रय मागावयास आलेल्या परकीय माणसास आपल्या देशात न घेता दुसऱ्याच देशाच्या भूमीवर पाठवावयाचे आणि त्याच्या अर्जाची छाननी तेथे करावयाची, ही पद्धत ऑस्ट्रेलियाने २००१ साली नाऊरू व पापुआ न्यू गिनीचे मानुस बेट येथे सुरू केली. २००८ मध्ये ती थांबली, ऑगस्ट २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढे ब्रिटनने २०२२ साली रवांडाशी व इटलीने २०२३ साली अल्बेनियाशी असे करार केले. किनवटसारख्या डोंगराळ तालुक्यातही ह्या बातम्या आता भ्रमणध्वनीवर पोहोचतात, आणि त्यांच्याबरोबर काही समजुतीही येतात. त्यांतील चार समजुती येथे तपासून पाहू.

पहिली समजूत अशी की, ही केवळ छाननीची जागा आहे. अर्ज खरा ठरला की देशात प्रवेश मिळतो. इटलीच्या योजनेत तशी तरतूद होती. ऑस्ट्रेलियाने मात्र जुलै २०१३ मध्ये जाहीर केले की, नावेने आलेला मनुष्य खरा निर्वासित ठरला तरी त्यास ऑस्ट्रेलियात वसू दिले जाणार नाही. ब्रिटनच्या योजनेतही अर्ज मान्य झालेल्यांनी रवांडातच राहावयाचे होते. म्हणजे नाव छाननीचे असले, तरी निर्णय आधीच झालेला होता.

दुसरी समजूत अशी की, हे सारे घुसखोर असून त्यांचे दुःख बनावट असते. नाऊरू व मानुस येथे ज्यांच्या अर्जांचा निकाल लागला, त्यांतील बहुसंख्य लोक खरे निर्वासितच ठरले. शिवाय जिवाच्या भीतीने थेट पळून आलेल्यास केवळ बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार सांगतो. ज्याच्या मागे मारेकरी लागले आहेत, त्याने पारपत्राच्या रांगेत उभे राहावे, अशी अपेक्षा कोण करील?

तिसरी समजूत, हा उपाय स्वस्त व हमखास आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रवांडा योजना बेकायदा ठरविली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्द केली. तोवर सुमारे ७० कोटी पौंड खर्च झाल्याचे त्या सरकारने सांगितले. प्रत्यक्षात रवांडास गेले ते अवघे चार जण, तेही स्वेच्छेने. ऑस्ट्रेलियात नावा थांबल्या हे खरे. परंतु २०१२ मध्ये बेटांवरील छावण्या पुन्हा उघडल्यानंतरच्या वर्षभरात नावा वाढल्याच होत्या. सप्टेंबर २०१३ पासून भर समुद्रातूनच त्या परतविल्या जाऊ लागल्या, हे कारणही विसरता येत नाही.

चौथी समजूत आपल्या अधिक जवळची आहे : हा श्रीमंत देशांचा प्रश्न, त्याच्याशी आपला काय संबंध? जून २०१४ मध्ये श्रीलंकेतील १५७ तमिळ आश्रयार्थी ज्या नावेने निघाले, ती पुदुच्चेरीहून निघाली होती. ऑस्ट्रेलियाने त्यांना सुमारे महिनाभर जहाजावर कोंडून ठेवले व शेवटी नाऊरूस पाठविले. त्यांत लहान मुलेही होती. त्या देशाच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ही स्थानबद्धता कायदेशीर ठरविली. कायदेशीर ते सारे न्याय्य असतेच असे नाही, हे ख्रिस्ती मनुष्यास निराळे सांगावयास नको. भारतानेही १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही व आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, हेही ध्यानी ठेवावे.

छावणी दूर असणे, एवढाच दोष मानावा काय? आमच्या मते नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ ह्या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, आणि बहुतेक आपल्याच कॅथलिक श्रद्धेचे होते. मायदेशापासून ते हजारो मैल दूर होते; पण तेथे शाळा होत्या, चर्च होते, आणि कोल्हापूरच्या बाजारात त्यांची ये-जा होती. ते गेल्यावर त्याच ठिकाणी फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी बांधवांनी आसरा घेतला. आजचे गांधीनगर ते हेच. वळिवडे व नाऊरू ह्यांतील फरक अंतराचा नाही, हेतूचा आहे. एक छावणी माणसे जगावीत म्हणून उभारली गेली. दुसरी, ती पाहून इतरांनी येऊ नये म्हणून.

मराठवाड्यास तर हे परके नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने हजारो कुटुंबांनी निझामाची हद्द ओलांडली. त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या आपल्या किनवटला पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते. पलीकडच्या गावांनी आलेल्यांस आधी कागद विचारले असते, तर काय झाले असते?

राष्ट्रास आपल्या सीमा सांभाळण्याचा अधिकार आहे, हे ख्रिस्तसभा मान्य करते. सर्वांना सरसकट प्रवेश द्या, असे ती म्हणत नाही. परंतु संकटग्रस्ताचे ऐकून घेणे व त्याची प्रतिष्ठा राखणे हे कर्तव्य त्या अधिकाराने संपत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी स्वागत, संरक्षण, संवर्धन व एकात्मता अशी चार कर्तव्ये सांगितली. हेरोदाच्या भयाने मिसर देशी गेलेले पवित्र कुटुंबही आश्रयार्थीच होते.

सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांचा जागतिक दिन पाळते. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतील प्रार्थनांमध्ये समुद्रावरील ह्या बांधवांची आठवण व्हावी. तसेच ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या आपल्याच कुटुंबांची, आणि कामासाठी आपल्या गावी येऊन राहिलेल्या परमुलखातील मजुरांचीही व्हावी. दूरच्या निर्वासिताविषयीची आपली कळकळ खरी आहे की नाही, हे ह्या जवळच्या माणसांशी आपण कसे वागतो त्यावरूनच कळेल.