एक तासाचे दहा तास

गेल्या डिसेंबरात एकदाची दुर्बीण घेतली. सहा इंची न्यूटोनियन, ७५० मिमी फोकल लेंग्थ, खाली मोटरवाला इक्वेटोरियल माउंट. बायकोने (घरचा हिशोब तीच ठेवते) एकच प्रश्न विचारला, "यातून दिसणार काय?" मी ऐटीत सांगितलं, "देवयानी दीर्घिका. २५ लाख प्रकाशवर्षं दूर."

पहिले तीन शनिवार माझ्याच चुकांमध्ये गेले. पुण्यातून ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंश वर असतो आणि आमच्या गच्चीवरून नेमकी तिथेच शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आहे. त्यामुळे पोलर अलाइनमेंट अंदाजपंचे. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. माझ्या कॅमेऱ्याच्या हिशोबात, मोटर बंद असेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १२-१३ पिक्सेल पळतो. म्हणजे जरा चुकलात की ताऱ्यांच्या शेवया. दुसऱ्या शनिवारी फोकस चुकला आणि सगळे तारे मेदूवड्यासारखे आले, मधल्या भोकासकट :) या चुकांबद्दल तक्रार नाही. शिकायचं म्हटलं की हे आलंच.

चौथ्या शनिवारी सगळं जमलं. तारे टाचणीच्या टोकासारखे. तीस-तीस सेकंदांचे १२० फोटो काढले, म्हणजे बरोबर एक तास. डीपस्कायस्टॅकरमध्ये घातले आणि रात्री दोन वाजता निकाल पाहिला. पिवळट करड्या पार्श्वभूमीवर मधोमध पिठलं सांडल्यासारखा एक डाग. दीर्घिकेचा तेवढा गाभा आला होता. धुळीचे पट्टे, सर्पिल भुजा, काही नाही.

मग जानेवारीत, अमावास्येच्या आसपास, सगळं सामान गाडीत टाकून तोरण्याच्या पायथ्यापलीकडे एका मित्राच्या शेतावर गेलो. तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, तेवढेच १२० फोटो. आणि या वेळी धुळीचे पट्टे आले! दोन फायली शेजारी ठेवून पार्श्वभूमीचे आकडे काढले. गच्चीवरचं आकाश शेतावरच्या आकाशापेक्षा जवळपास १० पट उजळ निघालं.

इथे थोडं गणित करू. आकाशाचा उजेड सॉफ्टवेअरने वजा करता येतो, पण त्याच्याबरोबर आलेला नॉइज वजा होत नाही. हा नॉइज उजेडाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणून पार्श्वभूमी १० पट झाली की अंधुक गोष्टीचं तितकंच स्वच्छ चित्र मिळवायला वेळही १० पट लागतो. शेतावरच्या एका तासाचे गच्चीवर दहा तास. वरातीत डॉल्बीशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची म्हटली तर दुसरं काय होणार?

यावर अनुभवी मंडळींचा सल्ला ठरलेला: "फिल्टर घे." घेतो की. पण मृगातला तेजोमेघ हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक तरंगलांबींवर चमकतो (६५६ आणि ५०१ नॅनोमीटर), म्हणून तिथे फिल्टर कामाला येतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा सगळ्या रंगांचा प्रकाश. आणि आपले नवे पांढरे एलईडीही सगळ्या रंगांचे, वर निळ्याचा जादा डोस. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. जुना सोडियमचा दिवा निदान पिवळ्याच्या आसपास गोंधळ घालायचा. आता फिल्टरने अडवायचं काय आणि सोडायचं काय?

माझा मुद्दा इथेच आहे. आपण फिल्टर घेतो, भारी कॅमेरा घेतो, दीडशे किलोमीटर पेट्रोल जाळतो. कशासाठी? तर आपल्याच पैशाने, आपल्याच विजेने आकाशात फेकलेला उजेड वजा करण्यासाठी. कोडमध्ये बग असेल तर आपण वर पॅच मारत बसतो का? मुळात जाऊन दुरुस्त करतो. इथे मात्र सगळे पॅच विकत घेतायत.

"मग रस्त्यावर अंधार करायचा का? सुरक्षिततेचं काय?" हा प्रश्न येणारच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनकाकांनी मला हाच विचारला. काका, अंधार कोण मागतंय? दिवा जमिनीसाठी आहे ना, मग तो जमिनीवर पाडा. आपल्या गेटवरचा फ्लडलाइट आडवा लावलाय. तो आधी वॉचमनकाकांच्या डोळ्यात जातो, मग तिसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये आणि उरलेला ढगात. ज्याच्यावर नजर ठेवायची तो झगझगाटामागे आरामात उभा राहू शकतो. होर्डिंगवाले तर बुडापासून वर झोत मारतात. रात्री तीन वाजता फ्लॅटची जाहिरात वाचतंय कोण, वटवाघळं?

"हौस आहे तर गावाला जा" हे दुसरं उत्तर. गेलो होतो की. मार्चमध्ये पुन्हा गेलो तर समोरच्या टेकडीवर नवं रिसॉर्ट आणि झाडांना खालून हिरवे-जांभळे झोत. अंधार पळतोय, आणि आपण त्याच्या मागे पळतोय. २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. जगभरातल्या हजारो लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून त्यात निष्कर्ष काढलाय, की २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला. इतकं व्याज एफडीलाही मिळत नाही! आठ वर्षांच्या आत दुप्पट.

आणि उपाय काही रॉकेट सायन्स नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे खाली तोंड करून बसवले. दिव्याला टोपी, तोंड खाली, रंग ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार, गरज नसेल तेव्हा बंद. बास.

आमच्या मीटिंगमध्ये बरीच वादावादी होऊन दोन फ्लडलाइटना पत्र्याच्या टोप्या मंजूर झाल्या. चारशे रुपये खर्च. माझ्या फोटोंना फरक शून्य, शहर तसंच आहे. पण वॉचमनकाका म्हणाले, "आता गेटबाहेरचा माणूस दिसतो."

हा फक्त माझ्या छंदाचा प्रश्न असता तर गप्प बसलो असतो. पण परवा बाबा गच्चीवर आले होते. लॅपटॉपवर शेतावरचा फोटो पाहून म्हणाले, "छान आहे. पण आम्ही अंगणात बाजेवर पडून आख्खी आकाशगंगा बघायचो, फुकट." मग शेजारच्या आठ वर्षांच्या पोराने विचारलं, "आजोबा, आकाशगंगा म्हणजे ॲपमध्ये असते ती?"

त्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. आणि सांगायच्या आधी एकदा आपल्या बाल्कनीतला दिवा कुठे तोंड करून आहे ते बघून या. माझा वरच होता.