छातीत दुखलं की अमझेऱ्याहून इंदूर किती लांब?

वरातीत नाचता नाचता कोसळलेला तरुण, जिममध्ये खाली पडलेला मुलगा. असा व्हिडिओ धार-देवासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला की खाली ठरलेली प्रतिक्रिया येते, ‘लस घेतल्यापासून हे सुरू झालं.’ या शंकेवर आयसीएमआरने देशभरातल्या 47 रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला आणि तो नोव्हेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 18 ते 45 वयाच्या, वरवर धडधाकट माणसांचे अचानक झालेले मृत्यू त्यात तपासले होते. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडमुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं असणं, घराण्यात कुणी असंच अचानक गेलेलं असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अंगावर येणारी मेहनत, आणि सिगारेट.

पण व्हिडिओत दिसतो तो बहुतेक वेळा हृदय एकदम बंद पडण्याचा प्रकार. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त नेणाऱ्या नळीत साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ बसते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, कधी चालतही असतो. म्हणूनच घात होतो. ‘गॅस झालाय, काल दाल-बाफले जास्त झाले’ असं म्हणत सोडा पिऊन तो झोपतो. छातीवर दगड ठेवल्यासारखं जड वाटणं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम येणं, असं दहा-पंधरा मिनिटं टिकलं तर तो गॅस समजायचा नाही. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. घरातली बाई तर ‘स्वयंपाक उरकते, मग बघू’ म्हणते.

आता रस्ता बघा. अमझेरा ते धार 25-30 किलोमीटर, धार ते इंदूर आणखी 60-65. नळी फुग्याने उघडायची अँजिओप्लास्टी करायला इथली माणसं इंदूरच गाठतात. रात्री गाडी शोधण्यात, ‘भैय्याला फोन करून विचारतो’ म्हणण्यात तास जातो, आणि तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो. गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन शिरेतून काही सेकंदांत देता येतं. पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त, बारा तासांनंतर जवळजवळ नाही. ते सगळ्यांना चालत नाही, अलीकडे मेंदूत रक्तस्राव झालेल्याला तर नाहीच, म्हणून आधी ईसीजी आणि डॉक्टर हवा. तेव्हा थेट इंदूरकडे सुटण्यापेक्षा 108 ला फोन करून ईसीजी होईल अशा सर्वांत जवळच्या दवाखान्यात जाणं शहाणपणाचं. आपल्या आरोग्य केंद्रात ईसीजी मशीन चालू आहे का आणि ते इंजेक्शन जवळात जवळ कुठे मिळतं, हे सरपंचांना आणि आमदारांना विचारायचे प्रश्न आहेत. मोटारसायकलवर मधे बसवून रुग्णाला नेऊ नका. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच उतरलेला असेल तर तो आणखी खाली जातो.

धोका तयार होतो तो मात्र वीस-पंचवीस वर्षं आधी. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात 59 च्या आसपास. कारणं तीच: तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सुटलेलं पोट, ताण. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला, त्यामुळे ‘मी बिडी ओढत नाही, फक्त मळतो’ याला अर्थ राहत नाही. गुटखाबंदीत मध्य प्रदेश देशात पहिला, एप्रिल 2012 मध्ये. महाराष्ट्र त्याच वर्षी जुलैत. दोन्हीकडच्या टपऱ्यांवर आज पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी मिळते. बंदी कागदावर शाबूत आहे.

माळव्यात सकाळ पोहे-जिलेबीने सुरू होते आणि सेव तर भाजीतही पडते. कुणी सोडा म्हणत नाही. पण सेवेत मीठ किती आणि कढईतलं तेल कितव्यांदा तापलंय, हा हिशेब कुणी ठेवत नाही. त्याहून साधी गोष्ट म्हणजे चाळिशीनंतर बीपी मोजणं. बीपी वाढलेला असतो तेव्हा काही जाणवत नाही, म्हणून गोळी सुरू झाल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद केली जाते.

मुलगा पुण्यात, आई-वडील धारला, अशी आपल्याकडे कितीतरी घरं आहेत. त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशात काढलेलं असलं तरी योजनेतल्या महाराष्ट्रातल्या रुग्णालयातही चालतं, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या पुढच्या कुणालाही उत्पन्न न बघता ते मिळतं. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना मात्र मराठी बोलतो म्हणून धारच्या माणसाला लागू होत नाही. आजी-आजोबांचं कार्ड अजून काढलं नसेल तर आधार घेऊन या आठवड्यात काढून घ्या, आणि त्याचा फोटो पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलमध्येही असू द्या.