कॅमेरा डब्याच्या पिशवीत, निगेटिव्ह बँकेच्या लॉकरमध्ये

2017 साली स्टॉकहोममधील एका बँकेच्या लॉकरमधून सुमारे 60 हजार निगेटिव्ह बाहेर आल्या. त्या अर्नेस्ट कोल या दक्षिण आफ्रिकी कृष्णवर्णीय छायाचित्रकाराच्या होत्या. त्याला जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती आणि आपल्या घरच्या माणसाचे काम स्वीडनमध्ये आहे, याचा कुटुंबाला पत्ताच नव्हता. त्या तिथे ठेवल्या कोणी, लॉकरचे भाडे भरत कोण होते, याचे समाधानकारक उत्तर बँकेने दिले नाही. राउल पेक या हैतीच्या दिग्दर्शकाने कोलवर केलेला माहितीपट 2024 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा जगासमोर आला. आमच्या मते तो एका कलावंतापुरता नाही. शोषितांच्या जगण्याची चित्रे शोषितच काढतात, पण ती शेवटी कोणाच्या ताब्यात जातात?

कोल 1940 साली प्रिटोरियाजवळच्या वस्तीत जन्मला. घराण्याचे आडनाव ‘कोले’. वर्णद्वेषी राजवटीत प्रत्येक माणसाची वंशवार नोंद होती आणि काळ्या माणसाला सोळाव्या वर्षापासून पासबुक जवळ बाळगावे लागे. ते नसेल तर तुरुंग. या पठ्ठ्याने आडनाव इंग्रजी वळणाचे करून स्वतःची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, अशी करून घेतली. त्यामुळे पासच्या जाचातून सुटका झाली आणि कॅमेरा घेऊन हिंडता आले. खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव लपवणे काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

सोन्याच्या खाणीत छायाचित्रे काढायला मनाई होती. कोलने कॅमेरा जेवणाच्या कागदी पिशवीत लपवून आत नेला. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीसाठी भिंतीकडे तोंड करून, हात वर करून, नागवे उभे केलेले मजूर त्याने टिपले. त्या रांगेत एकाचाही चेहरा दिसत नाही. व्यवस्थेला चेहरा नकोच होता, फक्त शरीर हवे होते. ते त्या एका छायाचित्रात जितके कळते, तितके एखाद्या जाड अहवालातून कळणार नाही. आणखी एका छायाचित्रात काळी मोलकरीण गोऱ्या बाळाला कडेवर घेऊन आहे. हे मूल मोठे झाले की आपल्याशी आईसारखेच वागणार, हे तिला ठाऊक आहे, तरी तिचा त्याच्यावर जीव आहे. शाळेत बाके नाहीत, मुले जमिनीवर उकिडवी बसून लिहितात. पहाटेच्या गाड्यांना माणसे दाराबाहेर लटकलेली.

कोल दया मागत नाही, आणि म्हणून तो आम्हाला मोठा वाटतो. 1967 साली न्यूयॉर्कला निघालेल्या त्याच्या ‘हाउस ऑफ बॉन्डेज’ या पुस्तकाची प्रकरणेच पाहा: खाणी, पोलीस आणि पास, घरकाम, शिक्षण, दवाखाने. दारिद्र्य कसे दिसते यापेक्षा ते कसे तयार केले जाते, हे तो दाखवतो. पुस्तकावर दक्षिण आफ्रिकेत बंदी आली. कोल त्याआधीच, 1966 मध्ये, देश सोडून गेला होता. तो परतलाच नाही.

त्याच्या आधीच्या पिढीत जेरार्ड सेकोटो हा चित्रकार होऊन गेला. 1940 मध्ये जोहान्सबर्गच्या कलादालनाने त्याचे चित्र विकत घेतले. काळ्या चित्रकाराचे चित्र त्या संग्रहात पहिल्यांदाच आले. ‘साँग ऑफ द पिक’ (1946-47) या त्याच्या चित्रात कुदळी उगारलेल्या मजुरांची एक रांग सगळी चौकट व्यापून आहे आणि गोरा मुकादम त्यांच्यासमोर किरकोळ, खिशात हात घालून उभा. एका छायाचित्रावरून हे चित्र सुचले असे सांगतात, पण ताकद कोणाकडे आहे हे सेकोटोने रंगांत ठरवून टाकले. पुढे हे चित्र गेले ते एका खाणकंपनीच्या संग्रहात. कुदळ मारणाऱ्यांचे चित्र खाणमालकाच्या मालकीचे!

कोलबाबतची आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त सलते. ‘हाउस ऑफ बॉन्डेज’ 2022 मध्ये पुन्हा छापले गेले, तेव्हा पहिल्या आवृत्तीत नसलेले एक प्रकरण त्यात आले. त्यात काळ्या लोकांचे संगीत, नृत्य, चित्रकला आहे. म्हणजे वस्तीत केवळ हाल नव्हते, निर्मितीही होती, आणि तीच पंचावन्न वर्षे वाचकांपासून दूर राहिली. अमेरिकेत गेल्यावरही कोलकडून काळ्यांच्या हालअपेष्टांच्याच छायाचित्रांची अपेक्षा होत राहिली. तो खचत गेला, काही काळ बेघर राहिला. मंडेला तुरुंगातून सुटले 11 फेब्रुवारी 1990 रोजी. त्यानंतर आठच दिवसांनी कोल न्यूयॉर्कमध्ये वारला.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली, नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यता कॅनव्हासवर आणली. ही कामे कोलच्या जातकुळीची आहेत, कारण पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात तिथे दरी नाही. याउलट गटारात उतरलेल्या कामगाराचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तेव्हा बहुधा तो मेलेला असतो, आणि ठेकेदार चौकटीत कधीच नसतो. 2013 च्या कायद्याने हे काम करून घेणारा गुन्हेगार ठरतो. मग फोटो त्याचा का नको? समाजमाध्यमांवर असे मृतदेह फिरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही हे मनावर घ्यावे. संताप खरा असला तरी तसा फोटो काम करतो तो दयेचेच.

राहिला ताब्याचा प्रश्न. कोलच्या मूळ प्रिंटपैकी काहींसाठी त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टला स्वीडनमधल्या एका संस्थेशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. पँथरच्या सभा, नामांतराचे मोर्चे, दीक्षाभूमीवरची गर्दी, यांचे कितीतरी फोटो आज आपल्या घरांतल्या ट्रंकांत, विहारांच्या कपाटांत ओल खात पडले आहेत. फोटो कोणी काढला, कुठे काढला, त्यात कोण आहे, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. येत्या वर्षावासात एखाद्या विहाराने तीन-चार रविवार यासाठी दिले, स्कॅनर आणि एक वही एवढ्यावर काम सुरू होते. फोटोमागे नावे लिहिताना शिसपेन्सिल वापरावी, बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.