उंबरठ्याबाहेरच्या सुरक्षेचा हिशेब कोण ठेवणार?

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार जणांचा बळी घेतला. पोरक्या झालेल्या मुलांचा प्रश्न त्या वेळी तातडीने हाती घेण्यात आला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात नेले, तर नळदुर्ग येथे पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने 'आपलं घर' उभे राहिले. घर हरपलेल्या मुलाला दुसरे घर देणे, हा त्या मदतीचा गाभा होता आणि तो योग्यही होता. मात्र ज्याचे घर शाबूत आहे, आईवडील काळजी घेणारे आहेत आणि तरीही ज्याला इजा पोहोचते ती रस्त्यावर, एसटी स्थानकात, शिकवणीच्या वर्गात, वसतिगृहात किंवा मोबाईलच्या पडद्यावर, अशा मुलासाठी यंत्रणेकडे काय आहे, हा प्रश्न तीन दशकांनंतरही अनुत्तरित आहे.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दाटीवाटीच्या गल्ल्यांऐवजी रुंद रस्ते आणि ऐसपैस भूखंड आले. भिंती भूकंपाला तोंड देतील याची काळजी घेतली गेली. पण जुन्या गावात ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांची नजर ज्या वाटेवर आपसूक असे, ती वाट नव्या गावात लांबली आणि एकाकी झाली. सुरक्षितता ही घराच्या बांधकामाइतकीच वाटेवरही अवलंबून असते, हा त्यातला धडा होय.

कायदा आहे, पण रोख एकट्या मुलावर

कायद्यांची उणीव नाही. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजेच 'पोक्सो', २०१२ मध्ये आला. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे या कायद्यान्वये शिक्षापात्र आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिल्हा स्तरावर बालकल्याण समिती काम पाहते. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. शाळांसाठी २०२२ मध्ये 'सखी सावित्री' समित्यांचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर शाळांत सीसीटीव्ही आणि तक्रारपेट्यांबाबत कडक सूचना निघाल्या.

या सर्व व्यवस्थेचा रोख मात्र एक मूल, एक आरोपी आणि एक कुटुंब यांवर आहे. मुलाची चौकशी होते, घरची पाहणी होते, प्रकरण न्यायालयात जाते. ज्या ठिकाणी प्रकार घडला ते ठिकाण जसेच्या तसे राहते. तोच थांबा, तोच अंधारा रस्ता, तेच टोळके. उद्या तेथून दुसरी मुलगी जाणार असते.

इंग्लंडमध्ये कार्लीन फर्मिन या अभ्यासक महिलेने याच उणिवेवर बोट ठेवले. धोका जेथे निर्माण होतो त्या जागेची आणि त्या मित्रमंडळाचीही पाहणी करून उपाय योजावेत, असा विचार त्यांनी मांडला. त्या देशाच्या २०१८ च्या शासकीय मार्गदर्शिकेत घराबाहेरील धोक्यांची स्वतंत्र दखल घेतली गेली. एखाद्या बागेत वारंवार प्रकार घडत असतील, तर केवळ मुलांना बागेत जाऊ नका असे न सांगता बाग सुरक्षित करणे, हे त्याचे साधे सूत्र होय.

मोजपट्टीच चुकली तर?

मराठवाड्यात हे सूत्र अधिकच निकडीचे ठरते. वाटेवर छेडछाड झाली की मुलीची शाळा बंद करणे आणि पुढे स्थळ पाहणे, हा अनेक घरांतील 'उपाय' आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झाले होते. दारिद्र्य आणि स्थलांतर ही त्याची कारणे आहेतच. पण वाटेवरची असुरक्षितता हेही एक कारण आहे. अशी मुलगी घरी बसली की तक्रार उरत नाही आणि कागदोपत्री गाव सुरक्षित ठरते. तक्रारींचा आकडा घटला म्हणजे धोका घटला, हे गृहीतक येथेच कोसळते. उलट समितीवर विश्वास बसला की सुरुवातीला तक्रारी वाढतात. ती वाढ अपयशाची खूण मानता येत नाही.

मग मोजायचे काय? तक्रार करणारी मुलगी सहा महिन्यांनी शाळेत आहे काय? त्याच ठिकाणी पुन्हा प्रकार घडला काय? तक्रार आणि पहिली कारवाई यांत किती दिवस गेले? मुलांना स्वतःला कोणती वाट भीतिदायक वाटते आणि वर्षभरात ते उत्तर बदलले काय? बैठका किती झाल्या, फलक किती लावले, यांपेक्षा हे चार प्रश्न अधिक बोलके आहेत. त्यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळेची हजेरी, पोलिसांची नोंद आणि ग्रामसभेची नोंदवही एकत्र वाचण्याची मात्र गरज आहे. मुलांची नावे गुप्त ठेवूनही ते शक्य आहे.

लातूर शहरात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने परगावची हजारो मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच त्यांच्यामागील बालसंरक्षणाचे कवच गळून पडते; खोली, खाणावळ आणि रस्ता तेच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी निर्देश देताना शिकवणी वर्गांची नोंदणी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समित्या यांचा आग्रह धरला. या समित्यांनी वर्गांच्या चार भिंतींबाहेर पाहिले, तरच त्यांचा उपयोग आहे.

घरे पडली तेव्हा मदतीला अवघा देश धावून आला, कारण ढिगारे डोळ्यांना दिसत होते. शाळा सुटलेली मुलगी ढिगाऱ्यासारखी दिसत नाही. तिची नोंद हजेरीपटावर असते, आणि तेथे लाल शाईने नाव कमी होताच कोणीतरी कारण विचारायला हवे. सुरक्षेच्या नियोजनाची सुरुवात त्या एका प्रश्नापासून होऊ शकते.