फोटो कोणाचा, नाव कोणाचे?

एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसले की समोर किती चेहरे दिसतात, हे कधी मोजले आहे का? वाढदिवसाच्या फलकावर मधोमध एक भला मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची टिकलीएवढ्या फोटोंची रांग. प्रत्येकाखाली नाव, काहींना तर दोन-दोन पदे. त्याच फलकाच्या सावलीला भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई मात्र आपल्या नजरेत भरत नाही. तिचा फोटो निघतो तो रेशनकार्डासाठी, नाहीतर आधारसाठी. आणि तो तिचा तिलाही ओळखू येत नाही!

हा विषय निघाला तो एका फिरत्या छायाचित्र प्रदर्शनावरून. 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे पुस्तक ज्यांचे, ते पत्रकार पी. साईनाथ १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतल्या खेड्यांत हिंडले. कामावरच्या बायांचे त्यांनी काढलेले फोटो 'दिसणारे काम, न दिसणाऱ्या बाया' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने प्रदर्शनात मांडले गेले. त्याचे चार संच २००२ पासून देशभर फिरले आणि सात लाखांवर लोकांनी ते पाहिले. विशेष म्हणजे हे फोटो शाळा-कॉलेजांबरोबरच बस स्थानकांवर, रेल्वे स्टेशनांवर, कारखान्यांच्या दारात आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांतही लागले. आता ते इंटरनेटवरही आहेत.

त्यातला एक फोटो पाहण्यासारखा आहे. जमीनदार शेतात ताठ उभा, फोटोसाठी छाती काढून. मागे भातलावणी करणाऱ्या बायांची रांग, सगळ्या कमरेत दुमडलेल्या. या बाया ओडिशातल्या रायगड्याच्या, भूमिहीन. जमीनदार म्हणाला, रोज चाळीस रुपये देतो. बायांना नंतर विचारले, तर हातात पडलेले पंचवीसच! म्हणजे ज्याला ताठ उभे राहता येते त्याला चेहरा, आणि जी वाकलेली तिची नुसती पाठ. दुसरा फोटो वीटभट्टीवरचा. बाहेर ४९ अंश ऊन, भट्टीजवळ त्याहून जास्त, आणि बाया अनवाणी, डोक्यावर गरम विटा. त्यांचा रोज दहा-बारा रुपये, पुरुषांचा पंधरा ते वीस.

हे ओडिशा-आंध्राकडचे, आपले काय, असे म्हणू नका. ऊसतोडीला आपल्याकडून जोड्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेताना मुकादमासमोर उभा राहतो नवरा, हिशेब होतो त्याच्याशी. मोळी बांधून डोक्यावर वाहणारी ती मात्र त्या कोयत्याचा अर्धा भाग! शेतीचेही तसेच. निंदणी, वेचणी, गोठा, शेण हे सारे बाईकडे, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बाया सुमारे १४ टक्के. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायांचे अधिवेशन भरवले, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितले. त्या वेळी ज्यांनी केली त्यांनी केली. बाकीच्यांचे सातबारे काढून बघा.

फोटो पाहून मजुरी वाढते का हो, असे पारावर कोणीतरी विचारेलच. नाही वाढत. पण चाळीस आणि पंचवीसमधला फरक कळला तो फोटो काढणाऱ्याने जमीनदाराच्या शब्दावर न थांबता बायांनाही विचारले म्हणून. आपल्याकडे तेवढेही कोणी विचारत नाही.

तेव्हा असे प्रदर्शन आपल्या जिल्ह्यात आले तर कुठे लावायचे, हे आताच ठरवा. जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहाच्या दालनात समई, फीत, पाहुण्यांची भाषणे, आणि दुसऱ्या दिवशी दालन ओस! रोज बुडवून तिथे कोण येणार? आणि आली तरी चप्पल बाहेर काढावी की काय, या विचारात दाराशीच थांबेल. आठवडे बाजाराच्या दिवशी स्टँडवर लावा. फोटोखालचा मजकूर मराठीत असू द्या आणि तो वाचून दाखवायला राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे उभी करा. बाया थांबतील. आपल्या कामासारखे काम कोणी भिंतीवर लावलेले त्यांनी कधी पाहिलेले नाही.

याहून चांगले म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले चेहरे जमवणे. साईनाथांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'परी' या संकेतस्थळावर देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सामान्य माणसांचे चेहरे गोळा होत आहेत, त्यांच्या नाव-गाव-कामासह. आपल्या गावातला फोटो स्टुडिओवाला आणि मोबाइलवाली पोरे मिळून एका तालुक्यापुरते हे सहज करू शकतील.

आता स्वतःकडे बोट दाखवतो. आमच्याच पानावर 'नांगरणी करताना शेतकरी' म्हणून पुरुषाचे नाव-गाव छापले जाते आणि त्याच्या शेजारी 'खुरपणीत मग्न महिला' एवढ्यावर आटोपते. फोटो काढणाऱ्याने नाव विचारले नाही, आम्हीही त्याला विचारले नाही. पुढच्या अंकापासून बाईचे नाव, गाव आणि काम यांशिवाय असा फोटो या पानावर येणार नाही. तुम्ही फोटो पाठवाल तेव्हा आधी तिला विचारा, काढू का म्हणून. नको म्हणाली तर राहू द्या. आणि छापून आला की अंकाची एक प्रत तिच्या घरी पोचती करा, एवढे काम वाचकांकडे.