‘मी ऑलिम्पिक खेळाडू झालो तर…’ : निबंधातून सुटलेली शिडी



हा निबंध तुम्ही मुलांना कधी ना कधी दिला असेलच. मीही दरवर्षी देते. यंदा पाचवीच्या वह्या तपासायला बसले आणि दहाव्या वहीपर्यंत आल्यावर लाल पेन खाली ठेवलं. सगळ्यांचं लिखाण जवळजवळ एकच. मी विमानात बसेन, मला सुवर्णपदक मिळेल, राष्ट्रगीत वाजेल, गावात माझी मिरवणूक निघेल, आईबाबांना अभिमान वाटेल.

यात चुकीचं काहीच नाही. पण एकाही वहीत विमानात बसण्याच्या आधीचा दिवस नव्हता आणि परत आल्यानंतरचा तर नव्हताच. मग आठवलं, फळ्यावर मुद्दे मीच लिहून दिले होते : प्रवास, स्पर्धा, पदक, सत्कार. मुलांनी माझेच मुद्दे मला परत दिले.

म्हणून मी ठरवलं की एकच खेळ घ्यायचा आणि त्यातल्या खेळाडूचं आयुष्य मुलांना नीट सांगायचं. खेळ निवडला डायव्हिंग. कारण वर्गात मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मॅडम, हे तर आम्ही मामाच्या विहिरीत करतो!”

विहिरीतला सूर आणि दहा मीटरचा मनोरा

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपल्या मराठवाड्यात कित्येक जण पाठीला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकले. कठड्यावरून सूर मारणं ही पुढची पायरी. तो सूर आणि ऑलिम्पिकमधला सूर यांचं नातं आहेच. फरक आहे तो उंचीचा आणि मोजमापाचा.

डायव्हिंगमध्ये एक प्रकार लवचीक फळीवरून उडी मारण्याचा. ऑलिम्पिकमध्ये ही फळी पाण्यापासून ३ मीटर उंच असते. दुसरा प्रकार मनोऱ्यावरून, म्हणजे १० मीटर उंचीवरून. मुलांना सांगा, ही तीन मजली इमारतीच्या गच्चीएवढी उंची झाली. तिथून खाली यायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि पाण्याला अंग लागतं तेव्हा वेग ताशी साधारण ५० किलोमीटर असतो. अंग जरा वाकडं पडलं तर पाणीसुद्धा सपकन लागतं.

महिलांच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत प्रत्येकीला पाच उड्या मिळतात. म्हणजे ती खेळाडू हवेत असते सगळे मिळून दहा सेकंदांच्याही आत. बाकीचा वेळ काय करते? शिडी चढते. रोज, वर्षानुवर्षं. त्यातही बराच सराव पाण्याबाहेर, ट्रॅम्पोलिनवर, कमरेला दोरीचा पट्टा बांधून, फोमच्या गादीवर.

निबंधात आपण दहा सेकंद लिहून घेतो आणि शिडी सोडून देतो. माझी पहिली तक्रार हीच आहे, आणि ती मुलांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

परदेशातली स्पर्धा म्हणजे सहल नव्हे

मुलांना परदेश म्हटलं की फिरणं आठवतं. डायव्हिंगपटूच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा विमानतळ, खोली आणि तलाव एवढंच येतं. झोपेची वेळ उलटी होते. तलाव अनोळखी, छत वेगळं, उजेड वेगळा. हे महत्त्वाचं, कारण हवेत गिरक्या घेताना पाणी कुठे आहे हे डोळ्यांनी टिपावं लागतं. पाणी अगदी शांत आणि पारदर्शक असेल तर त्याचा पृष्ठभागच नीट दिसत नाही. म्हणून तलावावर मुद्दाम पाण्याचे फवारे सोडून तरंग उठवतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तर डायव्हिंगच्या तलावाचं पाणी एका रात्रीत हिरवं झालं होतं. खेळाडूंनी त्याच पाण्यात उड्या मारल्या.

आणि वाट पाहणं! एका उडीनंतर पुढची उडी येईपर्यंत बराच वेळ जातो. त्या वेळात मन सांभाळणं हाही खेळाचाच भाग. ब्रिटनचा टॉम डेली टोकियोमध्ये प्रेक्षकांत बसून विणकाम करताना जगाने पाहिला. लोकांना गंमत वाटली. मला मात्र ते पाहून आपला वर्ग आठवला. वाट पाहायला आपण मुलांना कधी शिकवतो का? आपण फक्त ‘गप्प बसा’ म्हणतो.

टोकियोमध्येच चीनच्या चुआन होंगचानने १० मीटरमध्ये ४६६.२० गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. वय १४. म्हणजे आपल्या आठवी-नववीतली मुलगी. शेतकरी कुटुंबातली. जिंकल्यावर ती म्हणाली की आईच्या आजारपणासाठी पैसे मिळवायचे आहेत. आपण कधी प्राणिसंग्रहालय पाहिलं नाही, असंही तिने सांगितलं. नंतर तिच्या गावातल्या घरासमोर बघ्यांची गर्दी लोटली. मुलांच्या निबंधातली मिरवणूक ती हीच. पण चौदा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर केवढं ओझं होतं, हे मिरवणुकीतून दिसत नाही. हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं जरा वेळ शांत झाली. मग एका मुलीने विचारलं, “मग ती शाळेत कधी जायची?”

या प्रश्नासाठीच हा लेख लिहायला घेतला.

परत आल्यावरची शाळा

टॉम डेली २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हा तोही १४ वर्षांचाच होता. परत आला, शाळेत गेला आणि तिथे मुलांनी त्याला इतकं चिडवलं, इतका त्रास दिला की २००९ मध्ये वडिलांनी त्याला त्या शाळेतून काढलं. दुसऱ्या शाळेने शिष्यवृत्ती देऊन घेतलं. त्याच वर्षी जुलैमध्ये रोममध्ये तो १० मीटरचा जगज्जेता झाला. पुढे २०११ मध्ये त्याचे वडील गेले. २०१२ मध्ये लंडनला त्याने कांस्यपदक मिळवलं आणि टोकियोमध्ये मॅटी लीबरोबर जोडीच्या प्रकारात सुवर्ण.

दहा मीटरवरून न घाबरणारा मुलगा शाळेच्या व्हरांड्यात घाबरला, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवलं पाहिजे.

आता माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहाटे पोहायला जायची. परिपाठ सुरू झाल्यावर ओल्या केसांनी यायची. मी तिला रोज दाराबाहेर उभी करायची. शिस्त म्हणून. एकदा ती स्पर्धेसाठी चार दिवस पुण्याला गेली आणि तिची घटक चाचणी बुडाली. परत आल्यावर मी सगळ्या वर्गासमोर विचारलं, “आणलंस का पदक?” तिने मान हलवली. मी म्हणाले, “मग? पेपरही गेला आणि पदकही नाही.” मुलं हसली. मीही हसले असेन.

दिवाळीनंतर ती वेळेवर येऊ लागली. केस कोरडे. मला बरं वाटलं! पालकसभेत तिची आई सहज म्हणाली, “मॅडम, पोहणं बंद केलं तिचं. तीच नको म्हणाली. तुम्ही बोललात ना.” त्या बाईंच्या आवाजात तक्रारही नव्हती. माझं ऐकलं म्हणून त्या मलाच चांगलं सांगत होत्या.

ती मुलगी मोठी खेळाडू झालीच असती असं मी म्हणत नाही. बहुधा नसतीही झाली. पण पहाटे उठून, न सांगता, न कंटाळता एक गोष्ट रोज करणारी माझ्या वर्गातली ती एकटीच होती. शिस्त शिकवायला मी तिला बाहेर उभी करत होते. खरं तर शिस्त तिच्याकडेच होती.

‘आपल्याकडे पाणीच नाही, डायव्हिंग कुठलं?’

हा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्त आहे. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. जायकवाडी भरलेलं असलं तरी आपली टाकी भरेलच असं नाही. अशा गावात डायव्हिंगची गोष्ट म्हणजे चैन वाटेल.

पण शेजारच्या सोलापूरकडे बघा. तोही दुष्काळी जिल्हाच. तिथल्या ऋतिका श्रीराम यांनी डायव्हिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदकं मिळवली. मलेशियाची पांडेलेला रिनोंग सारावाकमधल्या एका छोट्या गावातली. २०१२ मध्ये लंडनला १० मीटरमध्ये कांस्य मिळवून ती ऑलिम्पिक पदक जिंकणारी मलेशियाची पहिली महिला ठरली. आपल्याकडेही १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा पुरुषांच्या डायव्हिंगची दोन्ही सुवर्णपदकं के. पी. ठक्कर यांनी भारताला मिळवून दिली होती. ऑलिम्पिकमध्ये मात्र या खेळात भारताला अजून एकही पदक नाही.

म्हणजे पाणी लागतंच, पण त्याआधी शिडी चढू देणारी माणसं लागतात. घरात एक आणि शाळेत एक, एवढी तरी.

दुसरी बाजूही सांगते. काही पालक उलट टोकाला जातात. मूल चौथीत असतानाच ‘आता अभ्यास बाजूला, फक्त खेळ’ म्हणतात. तेही मला पटत नाही. शिडी चढणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव जण मनोऱ्यावर पोचत नाहीत, आणि पोचले तरी दुखापत कधी येईल सांगता येत नाही. त्यांना खाली उतरल्यावर उभं राहायला जागा हवी. ती जागा म्हणजे शाळा. म्हणूनच शाळेने खेळाडू मुलाचा हात सोडायचा नसतो.

मग आपण काय करू शकतो?

मोठं काही नाही. मी यंदापासून जे करते आहे ते सांगते.

१. स्पर्धेला जाणाऱ्या मुलाला सुटीत काय शिकवलं जाईल ते एका कागदावर लिहून देते. परत आल्यावर बुडालेली चाचणी मधल्या सुट्टीत किंवा शनिवारी घेते. माझा अर्धा तास जातो, एवढंच.

२. परत आल्यावर ‘पदक आणलंस का?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी ‘तिथे काय पाहिलंस? नवीन काय करून बघितलंस?’ असं विचारते आणि पाच मिनिटं वर्गाला सांगायला लावते. भाषेच्या तोंडी कामाचे गुण त्यातच देते.

३. गणितात डायव्हिंगचे गुण घेते. सात परीक्षक असतात. वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळायचे, उरलेल्या तिघांची बेरीज करायची आणि उडीच्या काठिण्याने गुणायचं. समजा ६.५, ७, ७.५, ७.५, ८, ८, ८.५ असे गुण आले. उरतात ७.५, ७.५ आणि ८. बेरीज २३. काठिण्य ३.२ असेल तर ७३.६ गुण. दशांश अपूर्णांकाचा इतका चांगला सराव मला पुस्तकात सापडला नाही. शिवाय एकाच परीक्षकाच्या मतावर निकाल ठरत नाही, हेही मुलांना कळतं.

४. आणि हे फार महत्त्वाचं : विहीर, तलाव, धरण, कुठेही अनोळखी पाण्यात डोक्यावर सूर मारायचा नाही, हे प्रत्येक वेळी सांगते. १० मीटरच्या मनोऱ्याखाली ५ मीटर खोल पाणी ठेवलेलं असतं. आपल्या विहिरीत उन्हाळ्यात किती पाणी आणि किती दगड असतात, कोण मोजतं? मान मोडली तर आयुष्य जातं. पोहणं मोठ्या माणसासोबतच.

५. निबंधाचे मुद्दे बदलले. आता फळ्यावर लिहिते : पहाटेची वेळ, भीती वाटली तो दिवस, हरलो तो दिवस, परत शाळेत आलो तो दिवस. पदक लिहायचं असेल तर शेवटी दोन ओळी.

या नव्या मुद्द्यांवर त्या ‘मामाच्या विहिरी’वाल्या मुलाने लिहिलं की तो पहिल्यांदा मनोऱ्यावर चढला, खाली बघितलं आणि शिडीने परत उतरला, खाली सर उभे होते, ते काही बोलले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी तो परत चढला.

विमान नाही, राष्ट्रगीत नाही. मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला, कारण ‘शिडी’ त्याने तीन वेळा तीन प्रकारे लिहिली होती.

पालकहो, तुमचं मूल पहाटे कुठल्या तरी मैदानावर किंवा तलावावर जात असेल तर वर्गशिक्षकांना जाऊन एकदा सांगा. लपवू नका, लाजू नका. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, उद्या परिपाठाला कोणी ओल्या केसांनी उशिरा आलं, तर बाहेर उभं करण्याआधी एकदा विचारा, “कुठून आलीस गं?”

मी विचारलं नव्हतं.